सनई, बासरी आणि तुतारी: छोट्या स्टुडिओत फुंकवाद्यांचं रेकॉर्डिंग

सांगली, मिरज, सातारा, कराडकडचे बहुतेक स्टुडिओ गायकाचा आवाज डोळ्यांसमोर ठेवून उभे राहिलेत. बारा बाय चौदाची खोली, दहा फुटांवर स्लॅब, भिंतींना फोम, मध्ये मोठ्या डायफ्रामचा (आतल्या पडद्याचा) एक कंडेन्सर माइक आणि त्याच्यापुढे पॉप फिल्टर, म्हणजे फुंकेचा झटका अडवणारी जाळी. भावगीत, अभंग, निवडणुकीचं गाणं, लग्नाची ध्वनिफीत यांना एवढं पुरतं. त्याच जागी सनई बसवली आणि माइक गायकासारखाच वीतभर अंतरावर लावला, की कानाला टोचणारा, चिरका, वरखाली होणारा आवाज मिळतो. मग दोष सनईच्या माथी जातो. खरं तर चुकलेलं असतं ते अंतर.

फुंकवाद्याचा आवाज एका जागेवरून निघत नाही. बासरीत तो फुंकेच्या छिद्रातून येतो आणि त्या क्षणी उघडी असलेली बोटांची छिद्रंही बोलत असतात. सगळी छिद्रं बंद असतील तेव्हा उरलेला आवाज खालच्या टोकातून निघतो. सनईत खालचे सूर मुख्यतः तळाच्या पितळी प्याल्यातून येतात. वरच्या सुरांचा बराच भाग छिद्रांतून बाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक सुराला आवाजाची जागा थोडी सरकते. माइक फार जवळ असेल तर तो यातल्या एकाच जागेचं ऐकतो. काही सूर अंगावर येतात, काही हरवतात, आणि अशी असमान पट्टी कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावून सरळ होत नाही. सगळ्या जागांचा आवाज हवेत एकत्र यायला थोडं अंतर लागतं. वाद्य जितकं लांब आणि मोठ्या आवाजाचं, तितकं अंतर जास्त. पुढचं बरंचसं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी सा ठरवा

माइकला हात लावण्याआधी सूर मोजायचा. गाणं आधी कीबोर्डवर बसवून, तालवाद्यं भरून, शेवटी सनईवाल्याला बोलावण्याची पद्धत इकडे फार आहे. फुंकवाद्याच्या बाबतीत आधी त्याचा सा मोजायचा, मग बाकीचं बसवायचं.

बासरी एका पट्टीचीच असते. पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सा असलेली) बासरी पांढरी चारला वाजत नाही, त्यासाठी दुसरी बासरी लागते. फुंकेचा कोन बदलून वादक थोडा वर-खाली जाऊ शकतो, पण सगळं गाणं तसं वाजवायला लावलं तर आवाजाचा गोडवा जातो. सनईत पत्ती आत-बाहेर सरकवून, खाली दोरा कमी-जास्त गुंडाळून सा थोडा हलवता येतो. फार हलवला तर वरचे सूर आपापसांत बिघडतात. तुतारीत तर नैसर्गिक स्वरमालिकेतलेच सूर निघतात: सा, प, वरचा सा, ग, प. तिची पट्टी तिच्या नळीच्या लांबीने ठरलेली असते.

पद्धत अशी ठेवा. वादक आल्यावर पंधरा मिनिटं त्याला मोकळेपणाने वाजू द्या. वाद्य श्वासाने गरम झालं, पत्ती भिजली, की लांब सा लावायला सांगा आणि ट्यूनरवर तो किती सेंट वर-खाली आहे ते बघा. अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले, तर पाच-सात सेंटचा फरक चालून जातो. पंधरा-वीस सेंटचा फरक तंबोऱ्यासोबत स्पष्ट खुपतो. समजा, सनई काळी दोनच्या अठरा सेंट वर बोलते आहे आणि गाण्यात पेटी नाही. मग सनईला ओढू नका, तंबोरा आणि बाकीची वाद्यं अठरा सेंटने वर न्या. मोबाइलवरच्या बहुतेक तंबोरा ॲपमध्ये आणि सगळ्या सॉफ्टवेअर वाद्यांत ही सोय असते. गाण्यात खरी पेटी असेल तर तिचे सूर पक्के असतात, तेव्हा सनईला पत्तीवरून जुळवून घ्यावं लागतं. हे वादकाला आदल्या दिवशीच कळवलं पाहिजे, म्हणजे तो त्या पट्टीला बसणाऱ्या पत्त्या बरोबर आणेल.

मिरजेची सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर असताना सांगलीच्या स्टुडिओने तंबोऱ्यासाठी नेहमी ॲपवरच भागवू नये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खरा तंबोरा मोजलेल्या सा वर नेमका लावता येतो, आणि सनईच्या किंवा बासरीच्या खाली त्याची जवारी (तारांची गुंजणारी झणझण) जे अंग देते ते ॲपला जमत नाही. चार-पाच मिनिटं सलग रेकॉर्ड करून ठेवा. दहा सेकंदांचा तुकडा परत परत जोडला तर ते लगेच ऐकू येतं.

कीबोर्डवाल्याला आणखी एक सांगायचं. शुद्ध ग नैसर्गिक जागी लावला तर तो कीबोर्डच्या ग पेक्षा सुमारे चौदा सेंट खाली असतो. बासरीवाला कानाने खरा ग लावतो, खाली कीबोर्डचा लांब कॉर्ड त्याचा ग वर धरून बसतो, आणि ऐकणाऱ्याला बासरी बेसूर वाटते. लांब धरलेल्या कॉर्डमधून ग काढून टाका, नुसते सा आणि प ठेवा.

तापमान

हवा गरम झाली की आवाजाचा वेग वाढतो आणि फुंकवाद्याचा सूर चढतो. दहा अंश सेल्सियस फरकाने सुमारे एकोणतीस सेंट, म्हणजे दर अंशाला साधारण तीन सेंट. सांगलीतल्या मे महिन्याच्या दुपारी याचा फटका जोरात बसतो. एसी लावून खोली बावीस अंशांवर आणतात, टेक घेताना आवाज नको म्हणून एसी बंद करतात, आणि अर्ध्या तासात खोली सत्तावीस-अठ्ठावीसवर जाते. पहिल्या आणि शेवटच्या टेकमध्ये पंधरा सेंटचा फरक पडतो. ते तुकडे नंतर एकमेकांना जुळत नाहीत.

म्हणून खोली बावीसवर नेऊच नका. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवा, दहा-बारा मिनिटं टेक घ्या, मग एसी चालू करून विश्रांती द्या, आणि पुन्हा सुरुवात करताना सा तपासा. भिंतीवर शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक लावा आणि प्रत्येक टेकपुढे आकडा लिहून ठेवा. एसीच्या कोरड्या हवेत सनईची पत्तीही सुकते, हा जास्त थंडीचा दुसरा तोटा.

खोली आणि बाहेरचा गोंगाट

भिंतींवरचा इंचभर जाडीचा फोम वरची धार शोषतो, मधला भाग तसाच सोडतो. सनईसाठी हे सर्वांत वाईट मिश्रण आहे. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा उपयोग होत नाही. अठ्ठेचाळीस किलो घनतेचा, निदान दोन इंच जाडीचा रॉकवूल (दगडी धाग्यांचा थर) लाकडी चौकटीत बसवून, वर सुती कापड ताणून चार फूट बाय सहा फुटांच्या तीन-चार फळ्या करा. भिंतीपासून दोन इंच सोडून उभ्या केल्या तर आणखी चांगलं. तेवढा खर्च शक्य नसेल तर पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या जाड कापसाच्या गाद्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाका. फोमपेक्षा त्या किती तरी बऱ्या.

सगळी खोली मात्र मेलेली करू नका. फुंकवाद्याला खोलीकडून थोडा आवाज परत यावा लागतो. वादकाच्या पाठीमागे आणि माइकच्या मागे गाद्या, एका बाजूला उघडी लाकडी फळी किंवा पुस्तकांचं कपाट, अशी मांडणी छोट्या खोलीत चांगली बसते.

गोंगाटाला इकडे हंगाम असतो. गळीत हंगामात, दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, उसाचे ट्रॅक्टर रात्रीही थांबत नाहीत, आणि त्यांच्यावरचा टेप वेगळा. कारखान्याच्या रस्त्यावरचा स्टुडिओ असेल तर रात्रीचं रेकॉर्डिंग शांत असेल हे गृहीत धरू नका. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बासरी घेता येत नाही, आणि साताऱ्याकडचा पाऊस दिवसदिवस उघडत नाही. बेडूक आणि रातकिडे माइकला आपल्या कानापेक्षा जास्त ऐकू येतात. काम सुरू करण्याआधी खोलीची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा, हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐका. पन्नास हर्ट्झची घुमघुम ऐकू आली तर अर्थिंग बघा, इन्व्हर्टर आणि लाइटचा डिमर बंद करून पुन्हा ऐका, लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. ती तीस सेकंदांची फाइल जपून ठेवा, एडिटिंगला दोन तुकड्यांमधल्या फटीत तीच भरायची आहे.

लग्नसराईत चांगला सनईवाला मिळाला तरी दोन लग्नं वाजवून आलेला असतो. त्याचे ओठ आणि गाल थकलेले असतात. चातुर्मासात त्याला वेळ असतो, पण हवा ओली असते. आमचं मत विचाराल तर पावसाची उघडीप बघून पितृपक्षात ठरवावं. मुहूर्त नसल्यामुळे वादक मोकळे असतात, उसाची वाहतूकही अजून सुरू झालेली नसते.

बासरी

पांढरी तीनच्या बासरीचा सर्वांत खालचा सूर, मंद्र पंचम, २४७ हर्ट्झच्या आसपास असतो. पांढरी सहाच्या लांब, खर्जातल्या बासरीचा १६५च्या आसपास. त्यामुळे पहिल्या बासरीला १२० हर्ट्झचा आणि दुसरीला ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारी सोय) निर्धास्त लावा. खालचा ट्रॅक्टर आणि मांडी हलल्याचा धक्का दोन्ही जातात.

बासरीला खरखर कमी असलेला मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक उत्तम. रोड एनटी१ सारखा माइक पुष्कळ ठिकाणी असतो आणि तो या कामाला चांगला आहे. पॅटर्न कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि पाठीकडचं फारसं न घेणारा.

वादक सतरंजीवर मांडी घालून बसला की माइकचा स्टँड त्याच्या समोर आणा. माइक तोंडापासून चाळीस सेंटिमीटरवर, कपाळाच्या उंचीला, आणि खाली झुकवलेला. रोख फुंकेच्या छिद्राकडे नको, फुंकेचं छिद्र आणि बोटांचं पहिलं छिद्र यांच्या मधोमध हवा. फुंकेची हवा पुढे आणि खाली जाते, वर ठेवलेला माइक तिच्या वाटेत येत नाही. खात्री करायची असेल तर टिश्यू पेपरची बोटभर पट्टी माइकला चिकटवून लोंबकळू द्या. वादकाने तार सप्तकात जोरात फुंकल्यावर पट्टी हलली तर माइक आणखी वर घ्या. पॉप फिल्टर लावलाच तर तो शेवटचा बंदोबस्त म्हणून. जागा चुकली असेल तर तो वाचवत नाही.

माइक बासरीच्या उघड्या टोकाशी लावण्याची चूक फार ठिकाणी दिसते. तिथे काही मोजके सूर येतात, बाकीचे पातळ लागतात.

आता जागा पक्की करायची. वादकाला मंद्र पंचमापासून तार सा पर्यंत एकसारख्या फुंकेने सावकाश चढायला आणि उतरायला सांगा. तुम्ही आवाजाच्या काट्याकडे बघू नका, डोळे मिटून ऐका. एखादा सूर उडी मारत असेल तर माइक पाच-दहा सेंटिमीटर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. खालचे सूर पोकळ वाटले तर थोडा बोटांच्या बाजूला. फुंकेची फस्स जास्त येत असेल तर मागे न्या, पन्नास-साठ सेंटिमीटरपर्यंत. सुरांची उंची सारखी झाली की स्टँडच्या पायांभोवती आणि वादकाच्या गुडघ्यांसमोर सतरंजीवर रंगीत टेप लावा. बासरीवाले तल्लीन झाले की उजवीकडे झुकतात, आणि वीतभर झुकलं तरी आवाज बदलतो.

फुंकेचा आवाज पूर्ण घालवायचा प्रयत्न करू नका. मंद्रातली ती हलकी हवा बासरीचा भाग आहे. आठ हजार हर्ट्झच्या वरचं फार कापलं की बासरी कीबोर्डवरच्या बासरीसारखी लागायला लागते.

खोली चांगली असेल तर दीड-दोन मीटरवर, उंच, दुसरा माइक लावा आणि तो वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. दोन्ही माइकांत एक मीटरचा फरक असेल तर आवाज दुसऱ्याकडे सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्या फरकाने दोन्ही सारख्या आवाजात मिसळले तर बासरी नाकातून बोलल्यासारखी होते. लांबचा माइक जवळच्यापेक्षा निदान दहा डेसिबल खाली ठेवा.

सनई

हलगी-घुमकं-कैताळाच्या ताफ्यात वाजणारी सनई कुस्तीच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे, अशाच ताकदीने वाजवली जाते. स्टुडिओत वादकाला 'जरा हळू वाजवा' सांगणं ही पहिली मोठी चूक. दाब कमी झाला की पत्ती नीट कंप पावत नाही, सूर उतरतो, आवाजाचा रंग फिका पडतो. त्याला हवं तसं वाजू द्या, माइक मागे घ्या.

वादक खाली बसला की सनईचा प्याला समोरच्या जमिनीकडे रोखलेला असतो. टाइल्स किंवा शहाबादी फरशी असेल तर आवाज तिच्यावर आपटून थेट माइकमध्ये येतो, आणि सरळ आलेल्या आवाजात मिसळून ठरावीक पट्ट्या खाऊन टाकतो. दोन वाटांत पन्नास सेंटिमीटरचा फरक असला तर साधारण ३४३, १०३०, १७१५ हर्ट्झ अशा जागी खड्डे पडतात. सनई चिरकी का लागते, याचं अर्धं उत्तर तिथे असतं. उपाय स्वस्त आहे. वादकासमोर चार फूट लांबीची जाड गादी किंवा दुहेरी घोंगडी पसरा. सतरंजी पुरत नाही.

वादकाला भिंतीला पाठ लावून बसवू नका, तीन-चार फूट पुढे घ्या. माइक ऐंशी ते शंभर सेंटिमीटरवर, त्याच्या हनुवटीच्या उंचीला, प्याल्याच्या रेषेपासून तीस ते पंचेचाळीस अंश बाजूला. रोख सनईच्या मधल्या छिद्रांकडे. प्याल्यात माइक घातला तर खालचे सूर बदबदतात, वरचे गायब होतात, आणि अडीच ते चार हजार हर्ट्झमधली धार असह्य होते.

माइक कोणता? रिबन माइक मिळत असेल तर तो घ्या. त्याचा वरचा भाग मऊ असतो आणि सनईला तो फार शोभतो. फक्त साध्या रिबनला जोडताना फँटम पॉवर (तारेतून माइकला जाणारा वीजपुरवठा) बंद आहे ना ते आधी बघा. मोठा कंडेन्सर असेल तर दहा डेसिबलचा पॅड (आवाजाची पातळी खाली आणणारं बटण) लावून चालेल. नुसता शुअर एसएम५७ असेल तर अडत नाही, पण त्याला पाच-सहा हजार हर्ट्झजवळ उंचवटा आहे, तो सनईच्या धारेत भर घालतो. माइकचं तोंड सरळ वाद्यावर न रोखता तीस-चाळीस अंश फिरवून ठेवा, उंचवटा नरम पडतो.

गेन (माइकच्या आवाजाची पातळी) ठरवताना वादकाला गाण्यातला सर्वांत चढा भाग वाजवायला सांगा आणि शिखर उणे चौदा डेसिबलला ठेवा, शून्याला आवाज फाटतो. तालमीत वादक हात राखून वाजवतो, प्रत्यक्ष टेकमध्ये चार-सहा डेसिबल वर जातो. चोवीस बिटवर रेकॉर्ड करत असाल तर पातळी कमी राहिली म्हणून काही बिघडत नाही. वर गेली तर फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

पत्तीचं वेगळं सांगायला हवं. वादकाकडे चार-पाच वाजत्या पत्त्या असाव्यात, त्यातली एक गाण्यासाठी निवडावी आणि गाणं संपेपर्यंत तीच ठेवावी. पत्ती बदलली की सूरही बदलतो आणि रंगही. मध्येच पत्ती फाटली तर नुसता पुढचा तुकडा जोडू नका. नव्या पत्तीने सा मोजा आणि तो सगळा अंतरा पुन्हा घ्या. टेकच्या मधल्या वेळात पत्ती उघडी पडून सुकू देऊ नये. चांगले वादक ती तोंडात ओली ठेवतातच, पण एसीसमोर वाद्य ठेवून चहाला गेले की दहा मिनिटांत ती बदलते.

सूर धरणारा दुसरा वादक सोबत असेल तर दोघांना वेगळे करण्याचा मोह टाळा. सूर देणारा श्वास न तोडता वाजवतो आणि मुख्य वादक त्याच्यावर टेकून असतो. दीड मीटर अंतराने शेजारी बसवा, दोघांना स्वतंत्र कार्डिऑइड माइक द्या, आणि प्रत्येक माइकची पाठ दुसऱ्या वादकाकडे येईल असे फिरवा. एकमेकांचा आवाज थोडा झिरपेल. तो राहू द्या.

संबळ सोबत असेल तर प्रश्न जरा अवघड होतो, कारण संबळाचा टोला सनईच्या माइकमध्ये खणखणीत येतो. खोली बारा बाय चौदाहून मोठी असेल तर दोघांना शक्य तितक्या लांब समोरासमोर बसवा, मध्ये रॉकवूलची बुटकी फळी उभी करा. बसल्यावर तिच्यावरून एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत. प्रत्येक माइक आपल्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी तो दुसऱ्या माइकपासून लांब हवा. खोली लहान असेल तर आधी संबळ पूर्ण घ्या, मग त्याच्यावर सनई. उलट करू नका. सनईवाला तालावर बसतो, संबळवाल्याला सनईच्या ताना पकडत मागे धावावं लागतं आणि ते मिक्समध्ये कळतं.

तुतारी आणि बाकीची वाद्यं

तुतारी छोट्या खोलीत घेऊ नका. वादक उभा राहिला की तिचं तोंड डोक्यावरून वर जातं, म्हणजे स्लॅबपासून जेमतेम तीन फुटांवर. आवाज स्लॅबवर आपटून खोलीभर कोंदतो. हंगाम नसताना मंगल कार्यालयाचा हॉल दोन तासांसाठी घ्या, किंवा जुन्या वाड्याचा चौक, किंवा पहाटेची गच्ची. बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर, माइकला केसाळ कव्हर, आणि अंतर दोन ते अडीच मीटर, तोंडाच्या रेषेबाहेर. शिखर उणे अठराला ठेवा, पहिली ललकारी नेहमी अंदाजापेक्षा मोठी असते. जोर वाढला की तुतारीचा नुसता आवाज वाढत नाही, तिची धातूची चमकही वाढते. त्यामुळे हळू वाजवून नंतर आवाज वाढवण्याचा उपयोग नाही. दहा-पंधरा मिनिटांत ओठ थकतात. चार-पाच जोरदार ललकाऱ्या घ्या आणि थांबा. तुतारीची पट्टी गाण्याला जुळत नसेल तर सॉफ्टवेअरने अर्ध्या सुरापर्यंत हलवता येते, त्यापुढे ती खेळण्यासारखी वाटते.

पावा किंवा अलगुजाला फुंकेची हवा माइकवर येत नाही, कारण ती आतल्या खाचेतून जाते. आवाज खाचेपुढच्या खिडकीतून आणि बोटांच्या छिद्रांतून निघतो. चाळीस सेंटिमीटर, समोरून, थोडं वरून. अलगुजाच्या दोन्ही नळ्यांपासून माइक सारख्या अंतरावर हवा, एवढंच. पुंगीला सनईचे नियम लावा, अंतर थोडं कमी.

एकच वादक सनई आणि बासरी दोन्ही वाजवणार असेल तर बासरी आधी घ्या. सनईच्या दाबानंतर ओठांना बासरीची बारीक फुंक तासभर तरी सापडत नाही.

हेडफोन

बंद कपांचेच हेडफोन द्या, आणि वादक एक कान उघडा ठेवेल हे धरून चाला. फुंकवाद्याचा सूर त्याला हवेतून ऐकावा लागतो. नुसत्या हेडफोनवर वाजवला की सूर हलतो. उघड्या कानाकडचा कप गालावर दाबून बसवा किंवा त्या बाजूचा आवाज बंद करा, नाहीतर तंबोरा आणि क्लिक त्यातून गळून माइकमध्ये शिरतात. क्लिकच्या टकटकीपेक्षा संबळाचा किंवा तबल्याचा साधा ठेका द्या. वादक मोकळा वाजवतो, आणि थोडं गळलं तरी ते गाण्याचाच भाग असतं. वादकाला स्वतःचा आवाज इंटरफेसच्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) डायरेक्ट मॉनिटरिंगमधून, म्हणजे संगणकात न जाता थेट, द्या. ते शक्य नसेल तर सॉफ्टवेअरमधला बफर (जितका मोठा, तितका आवाज उशिरा) १२८ किंवा त्याहून कमी.

एडिटिंग आणि मिक्स

मेलोडाइन किंवा ऑटोट्यून ही सूर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर सनई-बासरीवर सरसकट चालवू नका. मींड, गमक, आंदोलन (सुराचं घसरणं, हिंदकळणं, डोलणं) यांना सॉफ्टवेअर चूक समजतं आणि सरळ करतं. एखादा लांब धरलेला सूर दहा सेंट खाली लागला असेल तर तेवढाच, हाताने, मींड सोडून हलवा. जोड द्यायचा तो श्वासाच्या जागी द्या आणि श्वास कापू नका. बासरीवाल्याचा श्वास काढला की पुढचा सूर आधाराशिवाय येतो.

सनईला अडीच ते चार हजार हर्ट्झमध्ये डायनॅमिक ईक्यू (ती पट्टी मोठी झाली तरच दाबणारं), तीन-चार डेसिबलपर्यंत, तेही फक्त जोराच्या सुरांवर. कॉम्प्रेशन दोनास एक, अटॅक (दाब लागू व्हायला लागणारा वेळ) तीस मिलिसेकंदांच्या आसपास, तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त दाबू नये. रिव्हर्बला (घुमाऱ्याला) पस्तीस-चाळीस मिलिसेकंदांचा प्री-डिले, म्हणजे सुरुवातीचा उशीर, द्या, म्हणजे वाद्य पुढे राहतं आणि घुमारा मागे. शेवटी मोनोमध्ये ऐका. मंडळाच्या टेम्पोवर आणि देवळाच्या भोंग्यावर गाणं मोनोतच वाजतं. दोन माइकांचा आवाज एकमेकाला खात असेल तर तिथे सनई नाहीशी होते.

जाण्याआधी

वादकाकडून लेखी संमती घ्या: नाव कसं लिहायचं, मानधन किती, रेकॉर्डिंग कुठे कुठे वापरणार. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचाही हक्क आहे. गावोगावच्या सनईवाल्यांना हे कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा, आणि मानधन त्याच दिवशी द्या.

फाइल्स ४८ किलोहर्ट्झ, चोवीस बिट, डब्ल्यूएव्ही. नावात वाद्य, पट्टी, सेंटचा फरक आणि टेकचा क्रमांक असू द्या, उदाहरणार्थ 'सनई_काळी२_अधिक१८_टेक४'. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवा. स्टँड हलवण्याआधी मोजपट्टी धरून माइकच्या जागेचे दोन फोटो काढा, एक समोरून आणि एक बाजूने, आणि ते त्याच फोल्डरमध्ये टाका. तोच वादक पुढच्या महिन्यात एक ओळ दुरुस्त करायला आला तर माइक त्याच जागी लावता येईल.